राजबिंडे, कडूकर आणि दत्तूमामाचं कोर्ट-मार्शल

आमच्या घरातून सिनेमाला एकच माणूस जात असे, आणि तो माणूस म्हणजे मी. बाकीचे घरी बसून सिनेमा बघत. म्हणजे शनिवारी दुपारचा खेळ मी बघून यायचा आणि रविवारी जेवणं उरकल्यावर बंगळूरात मल्लेश्वरमच्या आमच्या भाड्याच्या घरात, मधल्या खोलीत, सगळ्यांना करून दाखवायचा. सांगायचा नाही, करून दाखवायचा. घोडा आला की मी घोडा, आगगाडी आली की मी आगगाडी, आणि चुंबन आलं की आईकडे पाठ करून मी भिंतीकडे तोंड करून उभी. ही पद्धत का पडली याला कारणं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, थिएटरातले दिवे गेले की दोन मिनिटांत झोपत आणि असे घोरत की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघत. आईला बंद अंधाऱ्या जागेत गुदमरायला होई. उरले मी. वय चौदा, आवाज खणखणीत, लाज बेताची.

बरोबर मात्र कुणीतरी मोठं लागे, आणि ते मोठं माणूस म्हणजे आमच्या घरमालकीणबाई सावित्रम्मा. त्या पुढच्या भागात राहत. आमच्याशी त्या कन्नडमध्ये बोलत, आई त्यांना बेळगावच्या कन्नडमध्ये उत्तर देई, आणि दोघी एकमेकींच्या भाषेला मनातून हसत. सावित्रम्मांना इंग्रजी अक्षरही येत नव्हतं, पण इंग्रजी सिनेमाची त्यांना विलक्षण ओढ. कॅन्टोनमेंटच्या थिएटरात त्या कमरेला बटवा लावून, बटव्यात भाजलेले शेंगदाणे भरून, देवळात बसावं तशा बसत. माझं इंग्रजी शाळेतलं, तेही पुस्तकातलं. पडद्यावरची माणसं पुस्तकासारखी बोलत नसत, त्यामुळे चारातलं एक वाक्य मला कळे आणि उरलेली तीन सावित्रम्मा मला समजावून देत.

त्यांना ती कशी कळत, असं विचाराल तर त्याचं शास्त्र होतं. सावित्रम्मा गोष्टीकडे बघतच नसत. त्या नट बघत. हा माणूस मागच्या सिनेमात काय होता, त्याच्या मागच्यात काय होता, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि ज्याची आजवरची चाल चांगली तो याही वेळी चांगलाच, हा त्यांचा सिद्धान्त. मुलीचं स्थळ बघताना तरी आपण दुसरं काय करतो? परदेशी नावं आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही त्यांना घरगुती आडनावं दिली होती. सरळ नाकाचा, रुंद खांद्यांचा, हसला की गालाला खळी पडणारा तो राजबिंडे. अरुंद कपाळाचा, ओठ आवळून बोलणारा, सतत कारलं खाल्ल्यासारखा दिसणारा तो कडूकर. राजबिंडे आमच्या डोळ्यांदेखत शेरीफ झाला, बोटीचा कप्तान झाला, एकदा पाद्रीही झाला. एका सिनेमात तो आंधळा होऊन पियानो वाजवत मेला, तेव्हा सावित्रम्मांनी घरी जाऊन रात्रीचा भात टाकला नाही. कडूकरने मात्र एक बायको विष घालून मारली, दोन बँका लुटल्या आणि राजबिंडेच्या हातून तो चार वेळा मेला. मेला की आम्ही टाळ्या वाजवत असू.

(परवा केबलवर एक सिनेमा लागला होता. त्यात थकलेला कडूकर कुणाचा तरी आजोबा होता आणि पाळण्यातल्या बाळाला बोट चोखायला देत होता. मी खुर्चीतून ओरडले, बाळाला आधी बाजूला घ्या. माझी सून आतून धावत आली. पन्नाशी उलटली तरी सावित्रम्मांचं शास्त्र माझ्या अंगातून गेलेलं नाही.)

आता दत्तूमामा. हा आईचा धाकटा भाऊ, बंगळूरच्या एका लष्करी डेपोत हवालदार, ट्रकवर. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. त्याची सायकल फाटकावर टेकल्याचा आवाज आला की आई ज्वारीची पुढची भाकरी थापायला घेई, आणि तो हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असे. त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा आणि साबणाचा वास एकत्र येई. अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम असला की तो त्या उसळीत भाकरी कुस्करून, वर कच्चं तेल घालून खाई आणि म्हणे, "अक्का, लष्करात सगळं मिळतंय बघ, एवढंच मिळत नाही." माझ्या सिनेमाचा तो सर्वांत चांगला प्रेक्षक. गोळी लागली की तोच छाती धरून आडवा व्हायचा, मला वेगळा माणूस लागतच नसे.

त्या साली पावसाळा लांबला होता. एका रविवारी मामा आला आणि पाटावर बसून त्याने भाकरी नुसती मोडून ठेवली. आईने दोनदा विचारल्यावर बोलला. यशवंतपूरच्या पलीकडे कुठेसे त्यांचे ट्रक चालले होते, मागे नवे भरती झालेले पोरगे बसलेले. वाटेत तळ्याच्या बांधावरून रस्ता होता आणि बांधावरून पाणी वाहत होतं. मामाचा ट्रक सगळ्यांत पुढे. त्याने तो थांबवला, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून उभा राहिला. मागच्या जीपमधून साहेब ओरडत होते, पुढे चल. मामा हलला नाही. तासाभराने पाणी ओसरलं, दुसऱ्या ड्रायव्हरने किल्ली घेतली आणि सगळे ट्रक त्याच बांधावरून सुखरूप पार झाले. बांधाला तडासुद्धा गेला नाही. आता हुकूम मोडल्याबद्दल मामाचं कोर्ट-मार्शल होणार होतं.

"पण मी हुकूम ऐकलाच नाही," मामा म्हणाला. "पाऊस केवढा होता. काही ऐकू येत नव्हतं."

"मग तसं सांग की," आई म्हणाली.

"सांगायला माणूस लागतो अक्का. माझ्या बाजूनं उभा राहायला एक अधिकारी लागतो. पुढल्या सोमवारपर्यंत नाव द्यायचंय."

दोन अधिकारी तयार होते. एक कॅप्टन, तरुण, देखणा, शिपायांशीसुद्धा हळू बोलणारा. दुसरा मेजर, पोट बिघडल्यासारखा चेहरा, मामाला बघितलं की शिव्या. मामा कॅप्टनकडे झुकला होता, पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. तुरुंग, नोकरी, पेन्शन, गावाकडची बायको, दोन मुली, सगळं एका नावावर टांगलेलं. आणि कोर्ट-मार्शल म्हणजे नेमकं काय, तिथे कोण उभं राहतं, कोण बसतं, याची आमच्या घरात कुणाला तिळमात्र कल्पना नव्हती.

इथे सावित्रम्मांनी दारातून तोंड घातलं. "अय्यो, कॅन्टोनमेंटला तोच सिनेमा लागलाय की. सगळा कोर्टाचाच आहे. सगळे मिलिटरीवाले. राजबिंडे आणि कडूकर, दोघंही आहेत."

कुणी हसेल या भीतीने मी आजवर हे फारसं सांगितलेलं नाही, पण त्या रविवारी माझ्या शहाण्यासुरत्या घराने एकमताने ठरवलं की शनिवारी कुमीने, म्हणजे मी, सिनेमा बघून यावा आणि मामाने सोमवारी नाव द्यावं. अण्णा तेवढे म्हणाले, "सिनेमावरून वकील ठरवतात काय कोण?" पण तिकिटाचे पैसे त्यांनीच काढून दिले.

तर तो सिनेमा. एक तरुण लेफ्टनंट असतो. टेकडी सोडू नकोस असा हुकूम असताना तो आपली माणसं घेऊन खाली येतो, म्हणून त्याच्यावर खटला. हे मला नीट कळलं. पुढचं सगळं एका खोलीत. टेबलामागे पाच म्हातारे अधिकारी, डाव्या बाजूला राजबिंडे, उजव्या बाजूला कडूकर, दोघांच्या अंगावर सारखाच गणवेश, आणि दोघंही बोलतायत, बोलतायत. एकही घोडा नाही. मधेच टेकडी दिसे, मग पुन्हा खोली, मग तीच टेकडी पण या वेळी वेगळंच घडलेलं. मी पार चक्रावले. राजबिंडे त्या पोराजवळ जाई, सिगारेट पुढे करी, खांद्यावर हात ठेवी, खळी पाडून हळूच काहीतरी विचारी. कडूकर कोठडीत जाऊन त्याच पोरावर खेकसे आणि कोर्टात टेबलावर मूठ आपटे.

"बघ," सावित्रम्मा माझ्या हातावर शेंगदाणे ओतत म्हणाल्या, "राजबिंडे त्याला सोडवतोय. कडूकर फासावर चढवतोय."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? राजबिंडेनं आजवर कधी कुणाचं वाईट केलंय काय?"

शेवटी पोरगा सुटला. पाच म्हाताऱ्यांनी तसं सांगितलं, एवढं इंग्रजी मला कळलं. फक्त एक गोष्ट खटकली. निकाल ऐकल्यावर राजबिंडेने कागद गोळा केले आणि तो मान खाली घालून निघून गेला. जिंकलेला माणूस असा जातो काय? सावित्रम्मांना विचारलं तर म्हणाल्या, "थोर माणसं हसत नाहीत." मला ते पटलं नाही. पण पटलं नाही हे मी कुणाला सांगितलंही नाही, कारण आपल्याला सिनेमा कळला नाही असं सांगण्यापेक्षा मी तेव्हा चुलीत हात घातला असता.

रविवारचा माझा प्रयोग आजही मला मिनिटामिनिटाने आठवतो. मधल्या खोलीत आई भिंतीला टेकून, सावित्रम्मा उंबऱ्यावर, अण्णा पेपरच्या आड, आणि मामा समोर मांडी घालून, नेहमीसारखा आडवातिडवा नव्हे, ताठ. त्याला मी आरोपी केलं. राजबिंडे झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "पोरा, घाबरू नको, मी आहे." कडूकर झाले आणि पाटावर मूठ आपटली. शेवटचा निकाल मी असा काही दिला की आईने पदर डोळ्याला लावला. मान खाली घालून जाणारा राजबिंडे मी गाळला. त्याच्या जागी त्याला पोराला मिठी मारायला लावली.

"म्हणजे गोड बोलणारा आपला," आई म्हणाली. "मी म्हणत होतेच. दत्तू, कॅप्टनसाहेबांचं नाव दे."

"सरी, ठीक," सावित्रम्मा म्हणाल्या. "मेजर नको. मेजर म्हणजे कडूकर."

जेवताना मामाने अर्धीच भाकरी खाल्ली होती, आता त्याने आणखी एक मागितली. ती खाऊन तो गेला तेव्हा फाटकाबाहेर शीळ घालत होता.

अण्णांना एक सवय होती. हातात आलेला कुठलाही छापील कागद ते वाचल्याशिवाय टाकत नसत, मग तो पुडीचा का असेना. मामा गेल्यावर ते माझ्या फ्रॉकच्या खिशातून पडलेलं पत्रक वाचत बसले. थिएटरात दारावर सिनेमाची थोडक्यात गोष्ट आणि नटांचे फोटो छापलेला कागद मिळे, तो मी न वाचताच खिशात कोंबला होता. अण्णांनी चष्मा वर केला.

"कुमे, हा तुझा राजबिंडे सरकारी बाजूचा आहे म्हणून लिहिलंय इथं."

"सरकारी म्हणजे चांगलाच की."

"म्हणजे पोराच्या विरुद्ध. त्याला शिक्षा व्हावी म्हणून उभा राहिलेला. बाजू मांडतो तो दुसराच."

कागदाच्या शेवटी मात्र निकाल नव्हता, 'पुढे काय होते ते पडद्यावर पाहा' एवढंच. अण्णांनी कागद दोनदा उलटा करून पाहिला. मग उठले, कोट घातला आणि म्हणाले, "चल. साडेतीनचा खेळ मिळेल."

"तुम्ही झोपाल," आई म्हणाली.

"बघूया."

माझ्या वडिलांनी जन्मात जागेपणी पाहिलेला तो एकच सिनेमा. डोळा लागू नये म्हणून ते दोन अडीच तास खुर्चीच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू आपल्यालाच पाच म्हाताऱ्यांनी बोलावलंय. इंग्रजी त्यांना येत होतं, ऑफिसचं. मधूनमधून ते माझ्या कानात सांगत. राजबिंडे गोड बोलून त्या पोराच्या तोंडून हवं ते काढून घेत होता. कडूकर खेकसत होता, पण खेकसून तो एकच विचारत होता, तू हुकूम ऐकलास की नाही, मला खरं सांग. बाहेर आलो तेव्हा उजेड होता, आणि अण्णा थिएटरच्या पायरीवर बराच वेळ उभे राहिले.

"त्यानं केलं ते बरोबर की चूक, हे काय मला कळलं नाही बघ," ते म्हणाले. "सुटला तेवढं कळलं."

तिथून डेपो पायी वीस मिनिटांवर. फाटकावरच्या शिपायाने आत निरोप दिला आणि मामा बनियनवर, हातात फडका घेऊन, धावत बाहेर आला.

"काय झालं? अक्का बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय," अण्णा म्हणाले. "सिनेमा उलटा निघाला."

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. राजबिंडे आपला नव्हता. सोडवलं ते कडूकरनं. मला शनिवारीच शंका आली होती, पण मी ती लपवली आणि मिठी मी पदरची घातली. एवढं बोलून मी खाली बघत उभी राहिले. मामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो अण्णांकडे बघत होता.

"दाजी, तुम्ही सिनेमा बघितला?"

"बघितला."

"सगळा? जागे राहून?"

"जागाच होतो."

मामा फाटकाशेजारच्या दगडावर बसला. मला वाटलं तो हसणार. पण त्याने विचारलं, "तो जो सोडवणारा, त्यानं पोराला विचारलं काय?"

"हुकूम ऐकलास की नाही," अण्णा म्हणाले. "तेच तेच विचारत होता."

"मेजरसाहेबांनीपण तेच विचारलं. शिव्या घालून. तीन वेळा." मामा फडक्याने हात पुसत राहिला, हात कोरडेच होते. "कॅप्टनसाहेबांनी चहा मागवला. घरची चौकशी केली. म्हणाले, पाऊस होता, तुला ऐकू आलं नसणार, आपण तसंच सांगू."

"मग बरोबरच आहे की. पाऊस होताच."

"दाजी, मी ऐकला होता हुकूम. दोनदा."

आत कुठेतरी बादल्या वाजत होत्या आणि कुणीतरी पाण्यावरून भांडत होतं. अण्णा म्हणाले, "मग आता?"

"बघतो," मामा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मेजरचं नाव दिलं. खरं काय ते मेजरला सांगितलं. मेजरने अर्धा तास जे काही म्हटलं ते मामाने आम्हाला कधी सांगितलं नाही, आईसमोर सांगण्यासारखं नव्हतं म्हणाला. मग मेजरने कागद घेतला आणि विचारलं, पाणी बांधाच्या किती वर होतं, मागे किती पोरं होती, तू खाली उतरून काय बघितलंस. कोर्टात मामाने सांगितलं की हुकूम ऐकला, आणि ऐकूनही गाडी नेली नाही. तुरुंग झाला नाही. नोकरी राहिली, पेन्शन राहिली. बाहीवरच्या तीन फितींतली एक गेली. हवालदाराचा नाईक झाला.

यावर आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. अण्णांचं म्हणणं, कॅप्टनचं ऐकलं असतं तर दत्तू फीत राखून सुटला असता, मी उगाच जागा राहिलो. आईचं म्हणणं, जीपमधल्या ड्रायव्हरने हुकूम ऐकलाच होता, खोटं पकडलं असतं आणि तो आत गेला असता. सावित्रम्मांचं म्हणणं, तो सिनेमाच खोटा, राजबिंडे तसलं काम घेणारच नाही, पैशासाठी कुणीतरी त्याला भरीस घातलं असणार. आणि तो बांध अजून आहे. अलीकडेच मी बसने त्यावरून गेले. खिडकीतून खाली तळ्याकडे बघत राहिले, आणि मामाचं बरोबर होतं की चूक, हे मला तिथेही ठरवता आलं नाही.

निकालानंतरच्या रविवारी मामा दोन गणवेशांचे शर्ट पिशवीत घालून घेऊन आला. आई दारातल्या उजेडात बसली आणि सुईच्या टोकाने बाहीवरची तिसरी फीत उसवायला लागली. टाके बारीक होते, तिनेच घातलेले.

"ऐकलं नाही असं का म्हणत होतास रे?" तिने वर न बघता विचारलं.

"भ्यालो होतो."

"कुणाला, साहेबाला?"

"साहेबाला कोण भितंय? तुला. ऐकूनही थांबलो म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुला शहाणपण कुणी सांगितलं होतं."

"म्हणालेच असते," आई म्हणाली. "पुन्हा तसं पाणी दिसलं तर?"

मामाने थोडा विचार केला. "किल्ली काढीन," तो म्हणाला. "पण आता पहिल्या ट्रकवर ठेवणारच नाहीत मला."

आईने धागा दाताने तोडला आणि फीत ओढून काढली. बाहीचं कापड वर्षानुवर्षांच्या उन्हाने विटलं होतं, पण फितीखालचं तसंच राहिलं होतं, नव्यासारखं गडद. तिने ते अंगठ्याने घासून पाहिलं, जाईना. सोड्याच्या पाण्यात भिजवून पाहिलं, जाईना. शेवटी मामाने तसाच शर्ट अंगात घातला आणि सायकलवर बसला. फाटकापासून मी बघत होते. रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत त्याच्या बाहीवर तीनच फिती दिसत होत्या.